जुनी तिजोरी लोखंडाच्या भावाने घेऊ नका

कापडाचा सौदा करताना आपण ठाण उलगडतो, किनार पाहतो, पोत चाचपतो आणि मग भाव बोलतो. तिजोरीच्या सौद्यात मात्र आपले बरेच व्यापारी बंधू दारावर थाप मारतात, 'माल वजनदार आहे' म्हणतात आणि पैसे मोजून मोकळे होतात. नवी तिजोरी महाग पडते म्हणून जुनी घेण्यात गैर काहीच नाही. पण ती लोखंडाच्या भावाने घ्यायची वस्तू नव्हे, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

काही व्यापाऱ्यांकडे परवान्याचे पिस्तूल किंवा बंदूक असते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. ही हमी आपल्या नावाची असते, तिजोरी विकणाऱ्याच्या नावाची नव्हे.

या बाबतीत जर्मनीचे उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे शस्त्र कोणत्या दर्जाच्या तिजोरीत ठेवायचे हे कायद्यानेच ठरविले आहे. ६ जुलै २०१७ पासून तेथे जुन्या 'ए' आणि 'बी' वर्गाची कपाटे नव्या खरेदीदारांसाठी बाद झाली. आता युरोपीय मानकाचा निदान 'शून्य' दर्जा लागतो. ज्यांच्याकडे जुनी कपाटे आधीपासून होती, त्यांना ती वापरण्याची मुभा राहिली. पण तेच कपाट दुसऱ्या कोणी विकत घेतले, तर मुभा त्याच्याकडे जात नाही. कपाट तेच, कुलूप तेच. पण पहिल्याकडे कायदेशीर आणि दुसऱ्याकडे बेकायदेशीर! 'पहिल्या मालकाने वीस वर्षे वापरली' ही विक्रेत्याची ग्वाही किती कामाची, ते यावरून समजावे.

आपल्याकडे रोकडीच्या विम्यातही हाच धडा मिळतो. दुकान बंद झाल्यावर रोकड कुलूपबंद तिजोरीत असावी, अशी अट सर्वसाधारणपणे असते. चोराने किल्लीने तिजोरी उघडली आणि ती किल्ली धाकदपटशाने घेतलेली नसली, तर भरपाई नाकारली जाते. आता जुन्या तिजोरीच्या किल्ल्या किती हातांतून फिरल्या, हे कोण सांगणार? म्हणून घरी आणताच कुलूप बदलून घ्यावे. तो खर्च किमतीतच धरावा.

सौद्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, बनविणाऱ्याची पट्टी. तिजोऱ्यांसाठी आय.एस. ५५० हे भारतीय मानक आहे. तसा छाप पट्टीवर आहे का ते पाहावे. दुसरी, दाराच्या कडा आणि कुलपाभोवतीची जागा. तेथे भोक बुजविल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील, तर ती तिजोरी एकदा फोडलेली समजावी. तिसरी, आग. आगीपासून कागद वाचविणारे कपाट आणि चोराला अडविणारी तिजोरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शिवाय एकदा आगीत सापडलेल्या कपाटातील भराव निकामी होतो. वरचा ताजा रंग ते झाकतो. चौथी, जमिनीला बोल्टने आवळण्याची सोय. हलकी तिजोरी चोर फोडत बसत नाही, उचलून नेतो.

विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे आणि त्यात पट्टीवरील क्रमांक लिहून घ्यावा. पैसे देण्यापूर्वी विमा कंपनीला, आणि शस्त्र असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला, ही तिजोरी चालेल का असे लेखी विचारावे. अर्ज लिहिण्याचा कंटाळा पुढे फार महागात पडतो.

लहान कारागिराला आमचा सल्ला एवढाच की, बिनपट्टीची मोठी तिजोरी घेण्यापेक्षा पट्टीवाली लहान घ्यावी. आपल्या तिजोरीत ग्राहकाचा माल आणि भागीदाराचा पैसाही असतो. ती अमानत आहे. भंगाराच्या भावात दोनचार हजार वाचविण्यासाठी ती धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.