सिस्टर, तुम्ही बोला

ऑपरेशन थिएटरमधल्या पल्स ऑक्सिमीटरचा आवाज आम्हा भूलतज्ज्ञांच्या कानात मुरलेला असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक टिक्. रक्तातला ऑक्सिजन घटू लागला की तोच सूर खाली उतरतो. मॉनिटरकडे पाठ असली तरी ते कळतं. बोलणं थांबतं आणि सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळतात.

अशा वेळी डोकं शांत ठेवावं, हे सगळेच सांगतात. पण ताण चढला की माणूस धावपळच करतो असं नाही. पुष्कळदा तो वरून अगदी स्थिर दिसतो आणि हातातल्या एकाच गोष्टीला चिकटून बसतो. वेळेचं भान सुटतं, शेजारचा काय म्हणतोय ते कानावर पडूनही डोक्यात शिरत नाही. हे जास्त घातक.

इलेन ब्रोमिली या तरुण आईचं उदाहरण आमच्या क्षेत्रात म्हणूनच शिकवलं जातं. मार्च 2005, इंग्लंड. सायनसची आधीच ठरलेली, साधी शस्त्रक्रिया. भूल दिल्यावर मास्कने हवा आत जाईना, घशातून नळीही बसेना. मदतीला आले तेही अनुभवी डॉक्टर होते. तरी नळी घालण्याचेच प्रयत्न होत राहिले आणि मोलाची मिनिटं निघून गेली. एका सिस्टरने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचं साहित्य आणलं आणि तसं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत खाट सांगून ठेवली. पुढचं पाऊल काय, हे त्या ओळखून होत्या; डॉक्टरांपर्यंत मात्र ते पोचलं नाही. इलेन शुद्धीवर आल्याच नाहीत. तेरा दिवसांनी त्या गेल्या.

त्यांचे पती मार्टिन विमानचालक. कुणाला शिक्षा व्हावी यापेक्षा हे पुन्हा घडू नये, असा त्यांचा आग्रह होता. विमान वाहतूक हा धडा आधीच शिकली होती. 1977 मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन विमानं धडकून 583 माणसं गेली. धावपट्टी मोकळी झाली आहे ना, अशी शंका त्यातल्या एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. कॅप्टनने ती बाजूला सारली. त्यानंतरच्या काळात वरिष्ठाला टोकायचं कसं आणि वरिष्ठाने ते ऐकायचं कसं, हे वैमानिकांच्या प्रशिक्षणात आलं. मार्टिन यांनी तोच विचार रुग्णालयांत नेला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी चेकलिस्ट आणली. ती घडवण्यात पुढाकार होता अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे यांचा. चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असा एक मुद्दा त्यात आहे. वरवर औपचारिक वाटेल, पण सुरुवातीला एकदा तोंड उघडलेला माणूस अडचणीच्या वेळीही बोलायला धजावतो.

आपल्याकडे तर ‘सरांना कसं सांगायचं?’ हा पेच कायमचाच. म्हणून अवघड केस असली की मी भूल देण्याआधी सगळ्यांसमोर बोलून घेते. पहिला प्रयत्न असा, तो फसला तर हे, तेही फसलं तर ते. घड्याळाकडे कुणी बघायचं, मदतीला फोन कुणी करायचा. आणि शेवटी, ‘ऑक्सिजन 90 च्या खाली गेला की सिस्टर, तुम्ही मोठ्याने सांगायचं. मी ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं.’ पुढे सूर उतरू लागला तरी हात थरथरत नाहीत, कारण तेव्हा ठरवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

हा शांतपणा एकट्याच्या स्वभावातून येत नाही, आधी ठरवलेल्या क्रमातून आणि एकमेकांवरच्या विश्वासातून येतो. म्हणून कुठल्याही धकाधकीच्या नोकरीत हाताखालच्यांना ‘शांत राहा’ म्हणणाऱ्या वरिष्ठांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमचं चुकतंय असं वाटलं तर ते कुणी, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. आणि ज्या दिवशी कुणी तसं सांगेल, त्या दिवशी सगळ्यांदेखत त्याचे आभार माना. शंका खोटी ठरली तरी माना.