व्यसन सुटतं, गाव सुटत नाही

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल अंगावर घेतलेला नवरा-बायकोचा ‘कोयता’ महिनोन्‌महिने फडात राबतो. गावात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. दिवसभर मोळ्या वाहून मोडलेल्या अंगाला उतारा म्हणून कोपीत बाटली येते. परतताना उचल फिटलेली नसते, बाटली मात्र सोबत आलेली असते. अशा माणसाला ‘बेवडा’ म्हणून आपण मोकळे होतो.

पण दोष एकट्या माणसाचा असतो, की त्याच्या भोवतालाचाही? व्हिएतनाम युद्धातून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधिकेनं केला. तिथं असताना साधारण पाचातला एक जण अफू-हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शंभरात पाचच पुन्हा अडकले. युद्धाची धास्ती आणि सहज मिळणारी पुडी मागे राहिली होती. घर आणि आपली माणसं जवळ आली होती.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. माणूस उपचाराला बाहेरगावी जातो आणि बरा होऊन त्याच कर्जात, त्याच पारावर, त्याच दोस्तांत परततो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’नं उपचारानंतरच्या पाठपुराव्याला आणि कुटुंबीयांच्या गटांना महत्त्व दिलं, ते याचसाठी.

दारूबंदीच्या मतदानात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली, की परवान्याचं दुकान बंद होतं. ती लढाई हवीच. पण दुकान बंद झाल्यावर त्या माणसानं संध्याकाळी बसायचं कुठं?

माळ घातलेला वारकरी दारूपासून दूर राहतो, तेव्हा माळेच्या जोडीला रोजचा हरिपाठ असतो, दिंडीतली जागा असते, ‘माउली’ म्हणणारी माणसं असतात. जनाबाईंच्या गंगाखेडला, शेगावच्या पालखीला दरवर्षी जेवू घालणाऱ्या परभणीला हे वेगळं सांगायला नको. माळ न घालणाऱ्यालाही, कुठल्याही धर्माच्या माणसालाही अशी जागा मिळाली पाहिजे. ग्रामपंचायतीनं समाजमंदिराची एक संध्याकाळ व्यसन सोडणाऱ्यांच्या बैठकीला द्यावी. रोजगार हमीच्या कामाची मागणी करायला त्याच्यासोबत कुणीतरी जावं. शेजाऱ्यानं चहाला बोलवावं. आणि तो परतेल त्या दिवसापासून सगळ्यांनी त्याला त्याच्या नावानं हाक मारावी.