निरीक्षण कुणाचं, वही कुणाची?

आमच्या बीड जिल्ह्यातली मुलगी पदवीधर होते तोवर तिनं शेकडो पानं लिहिलेली असतात. प्रात्यक्षिकांची जर्नलं, ट्युटोरियलं, पर्यावरणाचा प्रकल्प, दर सत्राचे पेपर. त्यातली तिची स्वतःची पानं किती, असं विचारलं तर मुलगी हसते. आणि प्राध्यापक मंडळी म्हणतात, मुलींना लिहायलाच येत नाही, मोबाइलनं वाटोळं केलं. एवढं म्हणून ती मोकळी होतात. माझा आक्षेप या मोकळं होण्याला आहे. लिहायला येत नाही की लिहू दिलं जात नाही, हा खरा सवाल आहे. आणि त्याचं उत्तर मी एका तक्रार अर्जापासून देणार आहे, भाषेच्या पुस्तकापासून नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार महाविद्यालयांत अंतर्गत तक्रार समिती असते आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा, संस्था-संघटनेत काम करणारा असावा लागतो. अशा एका समितीवर मी आहे. नाव, गाव, वर्ष सांगायला कायद्यानं मनाई आहे आणि ती योग्यच आहे. विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलीचा अर्ज होता. मजकूर दोन वाक्यांचा: सदर व्यक्तीने माझ्याशी वेळोवेळी गैरवर्तन करून मला मानसिक त्रास दिला आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती.

माझ्या हातात हा कागद बैठकीच्या दिवशीच पडला. मुलगी बोलायला लागली तेव्हा मात्र पाऊण तास बोलली. कुठल्या टेबलाशी उभी होती, दार कुणी लोटलं, तो आधी काय म्हणाला, मग काय केलं, बाहेर व्हरांड्यात कोण होतं, ती घरी कुठल्या गाडीनं गेली. एकही गोष्ट मागंपुढं झाली नाही. समोरच्या बाजूचं म्हणणं एवढंच होतं की, यातलं काहीच अर्जात नाही, म्हणजे हे मागाहून रचलेलं आहे. आणि माना डोलल्या! बाईला तक्रार लेखी देता येत नसेल तर समितीनं तिला लिहायला मदत केलीच पाहिजे, असं हाच कायदा सांगतो. ते मी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. शेवटी त्याला ‘समज’ देण्यात आली. आमच्याकडे समज ही फार स्वस्त वस्तू आहे.

अर्ज कुणी लिहून दिला, असं मी तिला नंतर विचारलं. ‘फॉर्मॅट होता ना, मॅडम.’ आणि मग तिचं जर्नल मागून पाहिलं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सुंदर अक्षर, समासाची रेघ लाल. निरीक्षणाच्या तक्त्यातले आकडे मात्र मागल्या वर्षीच्या मुलीच्या जर्नलमधले, जसेच्या तसे. का, तर स्वतःचं रीडिंग उत्तराशी जुळलं नाही तर सर जर्नल सही न करता परत देतात. जुळवलेलं दिलं की सही होते.

मैत्रिणींनो, ‘निरीक्षण’ या शब्दाखाली दुसऱ्याचे आकडे उतरवायला आपण या मुलीला तीन वर्षं शिकवलं आणि त्याचे गुण दिले. स्वतः पाहिलेलं, पाहिलं त्या क्रमानं, जुळो न जुळो कागदावर ठेवायचं, हे प्रयोगशाळेचं पहिलं शिक्षण. तक्रार अर्जाला तरी दुसरं काय लागतं? ते शिक्षण तिला मिळालं असतं तर तो कागद दोन वाक्यांवर थांबला नसता. तिचं तोंड बंद नव्हतं, तिची वही बंद होती.

हे फक्त विज्ञानाचं नाही. अर्थशास्त्राच्या पेपरात ‘असंघटित क्षेत्रातील कामगारांच्या समस्या’ हा प्रश्न येतो. उत्तर गाईडमधलं, सहा मुद्दे, सगळ्यांचे तेच सहा. वर्गात बसलेल्या कितीतरी मुलींचे आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. उचल किती घेतली, मुकादमानं हिशेबात काय लावलं, एका खाड्याला किती कापले, पट्टा पडताना अंगावर किती बाकी राहिली, हे त्यांना तोंडपाठ असतं. नवराबायको मिळून एक कोयता, आणि पैसे नवऱ्याच्या हातात. आईच्या श्रमाला हिशेबात वेगळं नावच नाही, ही ‘समस्या’ गाईडच्या सहा मुद्द्यांत कुठं आहे? वाणिज्य शाखेच्या मुलीला रोजकीर्द आणि खातेवही शिकवताना एकदा तरी मुकादमाचा हिशेब मांडायला सांगितला का? नाही. तिथं ‘राम ॲण्ड सन्स’चा व्यापार चालू असतो. त्या दुकानात सन्सच असतात, डॉटर कधी नसते, हे जाता जाता.

पर्यावरणाचा प्रकल्प तर झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली आदेश दिला, पुढं विषय सक्तीचा झाला, आणि त्याचं आमच्याकडे झालं काय, तर स्पायरल बाइंडिंग. आता तेच मोबाइलवर फुकट मिळतं, म्हणून ओरड सुरू आहे. उतरवलेलं चालत होतं तोवर कुणाची तक्रार नव्हती.

२०१९ साली बीडचं नाव देशभर गाजलं. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. पत्रकार मुंबईहून आले, दिल्लीहून आले, परदेशातूनही आले. त्यांनी लिहिलं, बरं केलं. पण त्या बायकांच्या लेकी इथल्याच कॉलेजांत समाजशास्त्र, गृहविज्ञान, प्राणिशास्त्र शिकत होत्या. मी दोन महाविद्यालयांतले प्रकल्पांचे गठ्ठे सोडून पाहिले. हुंडा एक समस्या, लोकसंख्या एक समस्या, प्रदूषण एक समस्या. पिशवी काढलेल्या आईबद्दल एकही नाही. घरात रोज दिसणारी गोष्ट अभ्यासाचा विषय होऊ शकते, असं या मुलींना कुणी सांगितलेलंच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. तेही आपण सर्वेक्षणातच वाचायचं. लग्न चुकवून कॉलेजात आलेल्या मुलीला मात्र आपण निबंध देतो ‘माझा आवडता ऋतू’.

कुणी म्हणेल, विद्यार्थिनीकडून एवढी अपेक्षा कशाला? तर मुक्ता साळवे आठवा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली मांग समाजाची चौदा-एक वर्षांची पोर. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’त छापून आला. आपल्या जातीतल्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे तिनं त्यात लिहिलं. तो तिला कुठल्या गाईडनं सांगितलेला मुद्दा नव्हता. तिनं पाहिलं होतं, आणि पाहिलेलं लिहावं असं वातावरण तिच्या शाळेत होतं. आज उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत बाळंत होणाऱ्या बाईची लेक पदवीच्या वर्गात बसते आणि तिच्याजवळ शाळेची तीन नव्हे, बारा-पंधरा वर्षं जमा असतात!

मराठीच्या मॅडमचं काम, असं इतर विषयांचे सर म्हणतात. इंग्लंडमध्ये सर ॲलन बुलक यांच्या समितीनं १९७५ सालीच सांगून टाकलं की शाळेत भाषा ही सगळ्याच विषयांच्या शिक्षकांची जबाबदारी आहे. मला ते एमएसडब्ल्यूला असताना कळलं. क्षेत्रकार्याचा अहवाल दर आठवड्याला द्यावा लागे आणि आमच्या पर्यवेक्षक बाई समासात एकच प्रश्न लिहीत: हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटलं? त्या प्रश्नानं मला जेवढं लिहायला शिकवलं तेवढं कुठल्याही व्याकरणानं नाही. तो प्रश्न भौतिकशास्त्राच्या सरांना विचारता येत नाही का?

उलट होतं काय, ते पाहा. मुलगी धीर करून लिहिते, ‘त्येनं माहा हात धरला.’ त्यावर लाल शाईनं ‘त्याने’, ‘माझा’. हात धरला याच्यावर काहीच नाही. मग ती पुढच्या खेपेला ‘सदर व्यक्तीने गैरवर्तन केले’ असंच लिहिणार. तिथं चूक निघत नाही! प्रमाणभाषा शिकवावी, नोकरीला लागते, पण ती दुसऱ्या वाचनात. पहिल्या वाचनात काय घडलं एवढंच वाचावं.

प्राध्यापकांची अडचण मला माहीत आहे. कित्येकजण तासिका तत्त्वावर आहेत, तासावर पैसे, तेही महिनोन् महिने उशिरा, आणि वर्गात शंभर नावं. त्यांना ढीगभर वह्या तपासा असं मी म्हणत नाही. तासाच्या शेवटी पाच ओळी, अर्ध्या पानावर: आज काय पाहिलं, काय कळलं नाही. शंभरातली दहा पानं दर आठवड्याला वाचायची, दोन वर्गात वाचून दाखवायची, मुलीची परवानगी घेऊन. न जुळणारं रीडिंग लिहून ते का जुळलं नसावं हे सांगणारीला पूर्ण गुण द्यायचे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्प आलाय. तो स्पायरल बाइंडिंगमध्ये बांधायच्या आत धरला पाहिजे. आणि आई फडावर असलेल्या, धाकटी भावंडं सांभाळत घरी अडकलेल्या मुलीला तिथूनच लिहून आणायची मुभा द्यायची. तिची गैरहजेरी हाच तिचा प्रकल्प समजायचा.

आमच्या तालुक्यात तीन महाविद्यालयांकडे हे मागणं आम्ही लेखी दिलंय. एकानं पुढच्या सत्रात बघू म्हटलंय, एकानं मराठी विभागाकडे पाठवलंय, एकानं पोच दिलेली नाही. या अंकाच्या वाचकांत शिकवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. तुमच्या वर्गातली, मुलीनं स्वतः लिहिलेली पाच ओळींची पानं, नाव काढून आणि तिला विचारून, पुढच्या अंकासाठी पाठवा. प्रमाण मराठीत करून पाठवू नका.