विजेची मोपेड आणि कष्टकऱ्याचा जमाखर्च

पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने १९७२ साली लूना नावाची पन्नास सीसीची मोपेड बाजारात आणली. चालवायला अतिशय सोपी, स्कूटरच्या मानाने पुष्कळ स्वस्त आणि पेट्रोल संपलेच तर पायडल मारीत घरापर्यंत नेता येईल अशा त्या लहानशा वाहनाने शाळामास्तर, कारकून, दूधवाले आणि नोकरीसाठी प्रथमच घराबाहेर पडलेल्या असंख्य स्त्रिया यांच्या दिनक्रमात केवढे परिवर्तन घडवून आणले, हे ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. त्याच परिवारातील कायनेटिक ग्रीन या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना ही विजेवर चालणारी मोपेड सुमारे सत्तर हजार रुपयांना विक्रीस काढली, आणि तेव्हापासून सामान्य ऐपतीच्या माणसाने अशा गाडीची पारख कशी करावी, हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला आहे. माझे मत असे की, ही पारख स्कूटरच्या मापाने करणे मुळातच चुकीचे आहे. मोपेड ही ओझे वाहणाऱ्या माणसाची गाडी आहे, आणि ओझे घेऊन ती रोज घरी परत येते की नाही, यावरच तिची योग्यता ठरली पाहिजे.

कंपनीने प्रथम आणलेल्या ई-लूनाची बॅटरी २ किलोवॅट-तासांची, मोटार १.२ किलोवॅटची, वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, गाडीचे स्वतःचे वजन ९६ किलो आणि भारक्षमता १५० किलो. एकदा चार्ज केल्यावर ती ११० किलोमीटर धावेल, असे कंपनी सांगते. हा शेवटचा आकडा जाहिरातीत ठळक अक्षरांत असतो आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलते. परंतु तो चाचणीच्या नियंत्रित परिस्थितीतला असतो, आणि खड्डे, सिग्नल, पाठीमागचे ओझे व चढउतार यांचा हिशेब धरला तर त्याच्या दोनतृतीयांश अंतर पदरी पडेल असे समजून व्यवहार करणे शहाणपणाचे.

कात्रजला राहणारा एखादा भाजीवाला पहाटे चारच्या सुमारास गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो, असे समजा. येताना गाडी रिकामी आणि रस्ता बहुतांशी उताराचा. यार्डात तो मागचे आसन काढून ठेवतो, त्या जागी टोमॅटो आणि वांगी भरलेले दोन क्रेट एकावर एक रचून रबरी पट्ट्याने करकचून आवळतो, पुढे पायांजवळच्या मोकळ्या जागेत कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांचे ओल्या गोणपाटात बांधलेले गाठोडे ठेवतो, आणि मग पाय किंचित फाकवून, तोल सांभाळीत, कात्रजच्या चढाला लागतो. म्हणजे सर्वांत जास्त ओझे आणि सर्वांत अवघड रस्ता हे दोन्ही परतीच्याच वाटेवर एकत्र येतात. माणूस, माल आणि गाडी मिळून अडीचशे किलोच्या जवळपास वजन शंभर मीटर उंचीवर चढवायचे झाले तर दोन किलोवॅट-तासांच्या बॅटरीतील साधारण चार-पाच टक्के वीज त्या चढापायीच खर्ची पडते. हे नुकसान फारसे नाही आणि त्याने कोणी वाटेत अडकणार नाही. खरी कसोटी मोटारीची आहे. दर बारा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर एवढे वजन घेऊन १.२ किलोवॅटच्या मोटारीचा वेग हिशेबाने ताशी वीस किलोमीटरपर्यंत खाली येतो. मोटार क्षणभर याहून अधिक जोर लावू शकते खरी, परंतु लांबलचक चढावर त्या जोराचा भरवसा धरता येत नाही. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर हा वेग चालून जाईल, मागून मालमोटारी रेटत येणाऱ्या महामार्गावर तो धोक्याचा आहे. म्हणून दुकानदाराने दिलेल्या रिकाम्या गाडीवरून चौकाला एक फेरी मारून समाधान मानू नये. आपले नेहमीचे ओझे लादून, आपल्याच वाटेवरचा चढ एकदा तिच्याकडून चढवून घ्यावा, आणि दुकानदार याला नाही म्हणेल तर तेथून निमूटपणे बाहेर पडावे.

पैशाचा विचार करताना मात्र आपल्याकडे एक मोठा गैरसमज रूढ झालेला दिसतो. ज्याचे फिरणे थोडे, त्याने विजेची गाडी घ्यावी, असे पुष्कळ जण सांगतात. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. दोन किलोवॅट-तासांची बॅटरी भरण्यास चार्जरमधील घट धरून सव्वादोन ते अडीच युनिट वीज लागते. युनिटला दहा-बारा रुपये धरले आणि प्रत्यक्ष धाव सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर मानली, तर किलोमीटरला चाळीस पैशांच्या आसपास खर्च येतो. लिटरला पन्नास किलोमीटर चालणाऱ्या पेट्रोल मोपेडला तोच खर्च आजच्या शंभरीपार भावाने दोन रुपयांहून अधिक पडतो. जो भाजीवाला किंवा वर्तमानपत्रे टाकणारा दिवसाला चाळीस किलोमीटर फिरतो, त्याची वर्षाकाठी एकोणीस-वीस हजार रुपयांची बचत होते, आणि पेट्रोल मोपेडपेक्षा जे पैसे अधिक मोजले ते वर्ष-दीड वर्षात वसूल होतात. परंतु कचेरीत जाण्यायेण्यापुरते दहा किलोमीटर फिरणाऱ्याची बचत पाच हजारांवर जात नाही, आणि बॅटरी तर वापरली नाही तरी वयोमानाने झिजतच राहते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि विजेच्या वाहनांचा ५ टक्के दर पूर्वीचाच राहिला, त्यामुळे विजेच्या गाडीची पूर्वीची सवलत त्या प्रमाणात कमी झाली आहे. थोडे फिरणाऱ्या माणसाने ही गाडी धुराचा आणि आवाजाचा त्रास नको म्हणून जरूर घ्यावी. पैसे वाचतील या आशेने घेऊ नये.

याहून स्वस्त म्हणून जी गाडी गल्लोगल्ली विकली जाते, तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे मी कर्तव्य समजतो. मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर अशा वाहनास नोंदणी नाही, परवाना नाही. ही तरतूद घराजवळच्या लहानसहान कामांसाठी ठीक आहे. परंतु ओझे वाहणाऱ्याला ती गाडी कुचकामी आहे. तिच्यात पुष्कळदा शिशाची जड बॅटरी असते आणि वर्ष-दोन वर्षांत ती बदलावी लागते. वेगाची मर्यादा काढून देतो असे सांगणारा विक्रेता तर गिऱ्हाइकाच्या हातून बेकायदा कृत्य करवून घेतो. अपघात झाल्यास नोंदणीपत्र नाही, विम्याचा कागद नाही, आणि नुकसानभरपाई मागणेही अवघड, अशी त्या गरिबाची अवस्था होते.

आगीची भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही, आणि २०२२ मध्ये देशात ज्या दुर्घटना घडल्या त्या पाहता ती भीती अनाठायीही नव्हती. त्यानंतर एआयएस-१५६ या मानकात बॅटरीसंबंधीचे कडक नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून त्यापूर्वी बनलेली जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये, कंपनीने दिलेल्या चार्जरखेरीज दुसरा चार्जर लावू नये, आणि बॅटरीच्या हमीची मुदत व अटी इसार देण्यापूर्वी लेखी मागून घ्याव्यात.

इतके सर्व जुळून आले तरी एक अडचण उरते आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. ज्याला या मोपेडचा खरोखर लाभ होईल, तो माणूस चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्या मालकीचा खाली एकही प्लग नसतो, आणि ज्या गाडीची बॅटरी काढून वर नेता येत नाही, ती त्याने रात्री कोठे लावावी? सार्वजनिक चार्जिंगची केंद्रे उभी राहत आहेत ती बव्हंशी मोटारवाल्यांच्या सोयीची. परंतु या मोपेडला काही मोठी यंत्रणा लागत नाही. मीटर बसवलेला, पाण्यापासून सुरक्षित असा साधा प्लग आणि चारएक तासांचा वेळ पुरतो, आणि पहाटेपासून मालाचा लिलाव, तोलाई व भरणी होईपर्यंत अनेकांची गाडी बाजाराच्या आवारात तितका वेळ उभीच असते. राज्यातील कृषी उत्पन्न बाजार समित्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या आवारात दुचाकी उभ्या करण्याच्या जागी अशा मीटरच्या प्लगांची एक रांग बसवण्याची तजवीज येत्या अंदाजपत्रकातच करावी, आणि विजेचे पैसे ज्याचे त्याच्याकडून रीतसर पावती देऊन घ्यावेत.