रूळ अंथरणारा आणि गँगमन

लासूर स्टेशनाच्या फलाटावर मनमाडकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसले असता, निजामाच्या राजवटीत 1900 च्या सुमारास ज्यांनी हा लोहमार्ग मोजला आणि अंथरला ते इंजिनिअर, मुकादम आणि मजूर केव्हाच कालवश झाले असूनही गाड्या मात्र बिनदिक्कत धावत आहेत, हे ध्यानी येते आणि युरोपातील अठराव्या शतकाचे एक मत आठवते : ईश्वराने विश्व निर्मिले, त्याला नियम लावून दिले आणि तो बाजूस झाला, नवस, चमत्कार, साक्षात्कार यांत त्याचा हात नाही. इंग्रजीत यास डीइझम म्हणतात. आपण तटस्थ ईश्वराचे मत म्हणू.

उपमा मात्र लंगडी आहे. भर उन्हात हातोडा खांद्यावर टाकून गँगमन सैल चाव्या ठोकीत जातो, म्हणून तर रूळ शाबूत राहतात. न्यूटनचा ईश्वर असाच गँगमन होता. ग्रहांची बिघडत जाणारी चाल त्याने अधूनमधून दुरुस्त करावी, असे न्यूटनचे म्हणणे होते. ज्याच्या घड्याळाला वारंवार किल्ली द्यावी लागते तो कारागीर कच्चाच, असा टोला 1715 साली जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने त्यावर हाणला, आणि पुढे फ्रेंच गणिती लाप्लासच्या गणिताने त्या दुरुस्तीची निकड बहुतांशी संपविली. गँगमनची नोकरी गेली. रूळ अंथरणारा तेवढा उरला.

आपल्याकडे या विचाराच्या सर्वांत निकट गेले ते जोतीराव फुले. याच मताच्या टॉमस पेन या लेखकाच्या ग्रंथांचा संस्कार झालेल्या या पुरुषाने, पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहून काढलेल्या आणि मृत्यूनंतर 1891 साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ज्याला ‘निर्मिक’ म्हटले, त्याला ना मूर्ती लागते, ना नैवेद्य, ना भटजीची मध्यस्थी. अडत म्हणजे काय, हे आमच्या बाजार समितीच्या आवारात कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला समजवावे लागत नाही. ईश्वर आणि माणूस यांच्यामधली अडत बंद करावी, हा 1873 साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा एक प्रधान हेतू होता. तथापि जोतीरावांचा निर्मिक तटस्थ खचित नव्हे. सर्व स्त्रीपुरुष समान हक्क घेऊन जन्मास येतात, या त्यांच्या दस्तऐवजावर निर्मिकाची मोहर आहे. विश्वाचा आरंभ कसा झाला, हा त्यांचा मुख्य कज्जा नव्हेच.

तो कज्जा निराळ्या दरबारात चालतो. विश्वाचे वय सुमारे 1380 कोटी वर्षे मानतात आणि त्याआधी काय, या कोऱ्या जागी निर्मिकाचे नाव भरण्याचा मोह होतो. पण खुद्द आरंभाचीच फिर्याद सर्वांना मान्य नव्हती. आपल्या जयंत नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह आरंभ नसलेल्या विश्वाची मांडणी दीर्घकाळ केली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही, हे खरे. परंतु ज्याला कारण नाही असा ईश्वर चालत असेल, तर ज्याला कारण नाही असे विश्व का चालू नये, हा प्रश्न त्याने मिटत नाही. तटस्थ ईश्वर मला अतर्क्य वाटत नाही, निरुद्योगी वाटतो : त्याला मानल्याने एकही निरीक्षण बदलत नाही, आणि म्हणूनच त्याला खोटे ठरविता येत नाही. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा कर्ता अधिक सावध होता. परम व्योमातील अध्यक्षाला तरी हे ठाऊक असेल का, अशी शंका घेऊनच तो थांबतो.

नवरात्रात शिवना नदीकाठच्या दाक्षायणी देवीला जाणाऱ्या शेजारच्या आजींना मी एकदा हे सारे समजावून सांगितले. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “जो ऐकतच नाही, त्याला नारळ कशाला फोडायचा, बाबा?” आणि पिशवी उचलून देवळाच्या वाटेला लागल्या.

— फलाटवासी