पंख्याची घरघर

रात्री घरातील वर्दळ निमाली की टेबलावरच्या संगणकाची घरघर अधिकच जाणवू लागते. अभ्यासाला बसलेल्या मुलाचे चित्त विचलित होते, शेजारच्या खोलीत निजलेल्या आजोबांची झोप चाळवते. मग कोणी यंत्रावर कापड टाकते, कोणी ते कपाटात सरकवते. आवाज क्षणभर दबतो. परंतु हवेची वाट अडल्यामुळे आत उष्णता साठते आणि पंखा पूर्वीपेक्षाही वेगाने फिरू लागतो. आवाज कमी करायचा, तर आधी उष्णतेला वाट करून द्यावी लागते.

प्रारंभ धुळीपासून करावा. प्रोसेसरवरील धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये धूळ बसली की त्यांतून हवा खेळत नाही. वीजजोड काढून, यंत्र थंड झाल्यावर मऊ कुंचल्याने ती झाडावी. हवेचा झोत मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. अन्यथा पंखा मर्यादेबाहेर फिरून त्याचे बेअरिंग बिघडू शकते. हवा बाहेर पडण्याची बाजू भिंतीपासून वीतभर दूर असावी.

त्यानंतर वेगाचा विचार करावा. पंख्याचा वेग निम्मा केल्यास हवा निम्मी होते. आवाज मात्र सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलची घटसुद्धा कानाला जवळपास निम्मी भासते. म्हणूनच ८० मिलिमीटरच्या भरधाव पंख्याऐवजी, जागा असल्यास, १२० मिलिमीटरचा संथ पंखा तेवढीच हवा पुष्कळ कमी आवाजात पुरवतो. पंखा चार तारांचा असेल, तर मदरबोर्डच्या सेटिंगमधून तापमानानुसार त्याचा वेग ठरवता येतो.

आवाजाचा प्रकारही ओळखावा. पेटीला हात लावताच गुणगुण बदलत असेल, तर ते कंपन होय. स्क्रू घट्ट करावेत किंवा पंख्याखाली रबर बसवावे. सतत खरखर येत असेल, तर बेअरिंग झिजले असण्याचा संभव असतो. तेथे पंखा बदलणेच इष्ट.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पंख्याची तार काढून त्याला कायमचा गप्प करू नये. तसेच पॉवर सप्लायची पेटी घरी उघडू नये. वीज तोडल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार टिकून राहू शकतो. ते काम जाणकारावरच सोपवावे.

एवढे केल्यावरही मंद सळसळ उरेल. ती उरू द्यावी. यंत्राचा श्वास मोकळा असल्याची ती खूण आहे.