नॉब फिरवण्याआधी पूंजणी



ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत नव्या इमारतींमध्ये आता काचेच्या, आपोआप पेटणाऱ्या शेगड्या दिसतात. माझा आक्षेप चार बर्नरना नाही, त्या आपोआप पेटण्याला आहे. काडी ओढताना नजर बर्नरवर जायचीच. आता नॉब दाबला की ठिणगी पडते आणि नजर मोबाइलवर असते. रात्री उतू गेलेलं दूध किंवा गोड चहा बर्नरच्या कडेला राहिला, तर सकाळी तिथे मुंग्या आणि झुरळाची पिल्लं असतात.

श्रावकाला अग्निकायाची विराधना पूर्णपणे टाळता येत नाही, चूल पेटवावीच लागते. पण हलणाऱ्या-चालणाऱ्या त्रस जीवांना वाचवणं आपल्या हातात आहे आणि अग्नी गरजेपुरताच वापरणंही. जयणा म्हणजे हेच. म्हणून रात्री शेगडी गार झाली की बर्नरची टोपणं काढून पुसावीत आणि कोरडी करून नीट बसवावीत. सकाळी आधी पूंजणी, मग नॉब.

आता ज्योतीविषयी. भांड्याच्या बुडाबाहेर गेलेली ज्योत हवा तापवते, भाजी नाही. लहान पातेलं लहान बर्नरवरच ठेवावं. पाणी साधारण 100 अंशांवर उकळतं. त्यानंतर गॅस मोठा ठेवला तरी ते आणखी तापत नाही, नुसती वाफ वाढते. रोजचं पक्कं पाणी करताना झाकण ठेवा आणि उकळी आली की गॅस बारीक करा. पाइपच्या गॅसला सिलिंडर संपण्याची धास्ती नसते, म्हणून हात सैल सुटतो. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसली आणि भांडी काळी होऊ लागली, तर बर्नरची भोकं साफ करावीत. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर जाताना जेटही बदलावा लागतो, कारण या गॅसला मोठं छिद्र लागतं. हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्यावं.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार सांभाळायचा म्हणून पाचला चारही बर्नर भडकतात आणि त्या घाईत पूंजणी खिळ्यालाच राहते. एक व्रत पाळताना दुसरीकडे जीव जळले, तर त्या चौविहाराचं काय करायचं? दुपारीच भाजी चिरून, डाळ भिजवून ठेवली तर एवढी धावपळ होत नाही. मुंबईला नोकरीला जाणारी सून त्या वेळी लोकलमध्ये किंवा ऑफिसात असते. मग घरी असलेल्या सासऱ्यांनी, कॉलेजातून आलेल्या मुलाने गॅस का पेटवू नये? चौविहार सगळ्या घराचा आहे, तर बर्नर पुसणं एकट्या बाईचं कसं?

आज रात्री घरातल्या प्रत्येकाला टोपण काढून दाखवा. आणि पूंजणी लायटरच्या जागी, सगळ्यांच्या हाताशी टांगा. स्वतःपुरता चहा करणाऱ्यानेही ती आधी फिरवलीच पाहिजे.